पगारातले १२० रुपये : सक्ती कोणावर?

वर्षावासातला रविवार होता. आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळची वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले आणि नेहमीप्रमाणे ग्रंथवाचन सुरू झाले. त्या दिवशी आजारी भिक्खूची कथा आली. अतिसाराने खंगलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, पुसले आणि उचलून बिछान्यावर निजवले. मग सर्व भिक्खूंना जमवून विचारले की, तुमची सेवा करायला इथे ना आई आहे ना बाप. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार?

वाचन संपले. एरवी चहा होऊन आम्ही उठतो. पण मागच्या बाजूला बसलेल्या एक भगिनी बोलल्या, "दादा, कथा चांगली हाय. पण माझ्या पोरीचे पप्पा सहा महिने टीबीनं अंथरुणाला होते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या, त्याबद्दल बोलत नाही. पण घर कशावर चालवायचं? ठेकेदार म्हणाला, बरा झालास की ये. माझे कानातले गेले, भिशीचे पैसे गेले, आन् शेवटी पोरीचं बारावीचं वर्ष गेलं. ती आता पॅकिंगच्या कामाला जाते."

सभागृहात कोणी काही बोलेना. त्यांचे यजमान एका कारखान्यात ठेक्यावर साफसफाईचे काम करतात. चार वर्षे झाली. पगार पंधरा हजार. कोणीतरी विचारले, "ई.एस.आय. कापतात का?" त्या म्हणाल्या, "कापतात की! दर महिन्याला कापतात. कार्ड ट्रंकेत हाय."

मग जो वाद सुरू झाला तो दुपारी दीडपर्यंत चालला. चहा दोनदा झाला. आपल्या समाजातल्या घराघराशी या वादाचा संबंध आहे, म्हणून त्यातले मुद्दे आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

"माझा पैसा, माझी मर्जी"

पहिला आवाज उठवला तो सिक्युरिटीत नोकरीला असलेल्या एका तरुणाने. त्याला सोळा हजार पगार आहे. तो म्हणाला, "मला विचारलं कोणी? महिन्याला १२० रुपये कापतात. वर्षाचे १,४४० झाले. त्या दवाखान्यात मी एकदा गेलो. सकाळी नऊला लाईनीत लागलो, बाराला नंबर आला, आणि औषध नाही म्हणून चिठ्ठी बाहेरची लिहून दिली. एक दिवसाचा पगार गेला तो वेगळाच. सक्ती कशाला? मला माझे पैसे द्या, मी माझी पॉलिसी काढतो."

बरीच तरुण मंडळी माना डोलवू लागली. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याने पैसे भरले आणि औषध मिळाले नाही, त्याला राग येणारच.

तेव्हा एक निवृत्त गिरणी कामगार उठले. आमच्या वस्तीत त्यांना सगळे आबा म्हणतात. ते म्हणाले, "बाळा, १२० तुझे कापले हे तुला दिसलं. मालकाचे किती भरले ते पाहिलंस का?"

कोणालाच सांगता येईना. तेव्हा हिशेब फळ्यावर मांडला. १ जुलै २०१९ पासून ई.एस.आय.चा दर असा ठरला की कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. सोळा हजारांवर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२०. एकूण ६४०. म्हणजे तरुणाच्या एका रुपयामागे मालकाला चार रुपयांहून जास्त भरावे लागतात.

आबा म्हणाले, "उद्या ही सक्ती उठली की तुझे १२० तुझ्या हातात पडतील. मालकाचे ५२० तुझ्या हातात पडतील का? कामाला लावतानाच कागदावर सही घेतील, 'मला विमा नको' म्हणून. पोटासाठी तू सही करशील. म्हणून सांगतो, ही सक्ती तुझ्यावर दिसते, पण खरी मालकावर आहे."

पॉलिसीचाही प्रश्न निघाला. विमा कंपनीत नोकरी केलेले एक बंधू हजर होते. त्यांनी सांगितले की खाजगी कंपनी वय पाहते, आधीचा आजार पाहते. वय वाढले की हप्ता वाढतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी, २०२४ मध्ये नियम सैल झाल्यावरही, तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ई.एस.आय.मध्ये पंचविशीचा तरुण आणि पंचावन्न वर्षांचा मधुमेही यांचा दर एकच. जास्त पगाराचा जास्त भरतो, कमी पगाराचा कमी भरतो, आणि आजार ज्याला आहे त्याच्यावर खर्च होतो. धडधाकट माणसे बाहेर पडायला मोकळी असतील तर आत फक्त आजारी माणसे उरतील आणि पेटी रिकामी होईल. सक्तीमागचा सगळा हिशेब एवढाच आहे.

"आणि ज्याचा मालकच नाही?"

पण आबांनाही उत्तर देणारी निघाली. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "आबा, तुमचं खरं. पण माझा पगार कोणी वहीत तरी लिहितं का? माझे चार मालक, आन् एकाचीही जबाबदारी नाही. तुमच्या कायद्यात मी कुठं बसते?"

त्या कुठेही बसत नाहीत. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेसाठी हा कायदा आहे. धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभे राहणारे, कचरा वेचणाऱ्या, घरी बसून बिड्या किंवा राख्या करणाऱ्या आपल्या बहुसंख्य आयाबहिणी त्याच्या बाहेरच राहतात.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही तर आत होतो, तरी बाहेर पडलो. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. गिरणी गेली तशी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर कार्डही गेलं. ज्या वयात दवाखाना लागायला लागला, त्याच वयात दवाखाना तुटला."

येथे वादाची खरी गाठ लागली. नोकरीला बांधलेला विमा नोकरीइतकाच टिकतो.

महाराष्ट्रात दुसरी एक योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाऊ लागली. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरवण्यात आले. तिला पगाराची स्लिप लागत नाही, हप्ताही लागत नाही. वस्तीतल्या एका बंधूंची हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यातूनच झाली, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो.

पण ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. त्याच ताई म्हणाल्या, "मला बीपी आन् शुगर हाय. ऑपरेशन काही नाही. दर महिन्याच्या गोळ्यांचं काय?" गरिबाचे घर एका मोठ्या ऑपरेशनने बुडते हे खरे, पण ते दर महिन्याच्या गोळ्यांनी आणि बुडालेल्या रोजाने हळूहळू झिजतेही. देशाच्या आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के वाटा २०२१-२२ साली लोकांनी थेट आपल्या खिशातून भरला, असे सरकारचाच हिशेब सांगतो. २०१३-१४ साली तो ६४.२ टक्के होता. वाटा घटला हे चांगले झाले, पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही आजारी माणसाच्याच पदरचे जातात.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा मांडला होता

आरोग्याचा खर्च कोणी करायचा, हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांची पाचांपैकी चार लेकरे लहानपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील रजेचे आणि मदतीचे विधेयक आले. याचा बोजा मालकांनी का सोसावा, असा विरोध झाला. बाबासाहेबांनी विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. जनतेचे कल्याण पाहणे हे सरकारचे काम असल्यामुळे हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. पण जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाणीत काम करणाऱ्या बाळंतिणींच्या कायद्यातील दुरुस्ती त्यांनी मांडली. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्राध्यापक बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तो मंजूर झाला तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे नव्हते. ते कायदामंत्री होते. परंतु पायाभरणी त्यांच्या काळातली आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि १९५४ साली ती नागपुरात व मुंबईत आली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

म्हणजे ट्रंकेत पडलेले ते कार्ड कोणाची मेहेरबानी नाही. त्यामागे कामगाराचा घाम आहे आणि बाबासाहेबांची दूरदृष्टी आहे.

परदेशातही हाच वाद

वादात एक विद्यार्थिनी म्हणाली की पुढारलेल्या देशांत असे भांडण नसेल. तसे नाही. जर्मनीत १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची सक्ती झाली. ब्रिटनमध्ये १९११ साली कायदा झाला तेव्हा कामगाराने आठवड्याला ४ पेन्स, मालकाने ३ आणि सरकारने २ भरायचे ठरले. त्या वेळी नोकरांच्या कार्डावर विम्याची तिकिटे चिकटवायला लागू नयेत म्हणून लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये घरमालकिणींनी मोलकरणींसह निषेध सभा भरवली होती! पण त्या देशाने तेथेच थांबायचे नाकारले. ५ जुलै १९४८ रोजी, अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना, करांच्या पैशातून सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. हे बेव्हन खाणकामगाराचे पुत्र होते आणि स्वतः लहान वयात खाणीत उतरले होते.

अमेरिकेत अध्यक्ष ओबामा यांच्या कायद्याने २०१४ पासून प्रत्येकाने विमा घ्यावा, नाहीतर दंड भरावा, अशी सक्ती आली. त्याआधी २००९ च्या उन्हाळ्यात गावोगावच्या सभांत नागरिक हमरीतुमरीवर आले होते. सरकारने आमच्या मेडिकेअरला हात लावू नये, असेही काही जण म्हणत होते, आणि मेडिकेअर ही तर म्हाताऱ्यांसाठीची सरकारचीच योजना! २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती सक्ती कायम ठेवली. पुढे २०१९ पासून दंड शून्यावर आणला गेला.

त्याच मेडिकेअरची एक गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६५ साली ती योजना मंजूर झाली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक रुग्णालयांत काळ्या माणसांसाठी वेगळे वॉर्ड होते, काही रुग्णालयांत तर प्रवेशच नव्हता. सरकारने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन सांगितले, भेदभाव कराल तर मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही. वर्षानुवर्षांच्या विनंत्यांनी जे झाले नव्हते ते त्या अटीने झाले. बहुतेक रुग्णालयांतील वेगळे वॉर्ड थोड्या काळात एक झाले. ज्यांना पाणवठ्यावर अडवले गेले त्यांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. सक्तीचे दुसरे टोक दवाखान्याच्या गळ्यात बांधले, तरच ती सक्ती गरिबाच्या कामाची.

मग आमचे मत काय?

आम्ही सक्तीच्या बाजूचे आहोत. पण अर्ध्या सक्तीच्या नाही. कामगाराला पैसे भरण्याची सक्ती असेल, तर मालकाला आपला वाटा वेळेवर भरण्याची सक्ती हवी, दवाखान्याला औषध देण्याची सक्ती हवी आणि सरकारला दवाखाना उभारण्याची सक्ती हवी. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. १९४६ च्या भोर समितीनेही पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, असेच सांगितले होते.

विम्याचे कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. वस्तीजवळ डॉक्टर नसेल, नर्स नसेल, गोळी नसेल, तर ५ लाखांचे कार्डही कागदच. आणि ज्यांचा मालक ठरत नाही अशा ताईंसाठी हप्त्याची वाट न पाहता करांच्या पैशातून दररोजची औषधे मिळाली पाहिजेत. कर आपण सगळेच भरतो. काड्यापेटी घेतानाही भरतो.

घरात आजच करण्याजोगे

तरुण बंधूंनो, दवाखान्यात लाईन लागते म्हणून हक्क सोडून देऊ नका. लाईन का लागते, हे विचारायला दहा जण मिळून जा. आणि आधी आपला हक्क काय आहे तो वाचा.

पगाराच्या स्लिपवर ई.एस.आय. कापलेले दिसत असेल तर आपला दहा आकडी विमा क्रमांक घरात वहीवर लिहून ठेवा, आणि वर्गणी खरोखर जमा होते की नाही ते दर सहा महिन्यांनी तपासा. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ते भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंतचा पगार या कायद्याखाली आणला गेला. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवस भरले असतील, तर आजारपणात वर्षातून ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरलेल्या दीर्घ आजारांत, दोन वर्षे नोकरी आणि पुरेशी वर्गणी असल्यास, त्यापुढे ८० टक्क्यांप्रमाणे, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणासाठी २६ आठवडे. पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही उपचार आहेत.

विमा नसलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मागितल्याशिवाय त्या मिळत नाहीत. मागताना उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा.

आता त्या भगिनींकडे येतो. दीड वाजता फळ्यावर हिशेब लिहिला गेला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. पंधरा हजारांच्या पगारावर आजारपणात महिन्याला साडेदहा ते बारा हजार रुपये मिळण्याचा त्यांच्या यजमानांना हक्क होता. ठेकेदाराने सांगितले नाही, कारखान्याने सांगितले नाही, आणि दुःखाने आम्ही कबूल करतो, शेजारी राहणाऱ्या आम्ही सुशिक्षितांनीही सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं वर्ष वाचलं असतं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीतले बंधू आणि तो सिक्युरिटीतला तरुण, दोघे मिळून त्यांच्या घरी गेले. ट्रंकेतले कार्ड काढले, दवाखान्याचे केस पेपर लावले, दाव्याचा अर्ज भरला. काय निकाल लागेल तो लागो. मुलीचा बारावीचा फॉर्म मात्र वर्गणी काढून भरला आहे. आणि विहारात आता महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर फळा मांडला जातो. येणाऱ्याने पगाराची स्लिप आणायची.

आजाऱ्याला तुम्ही नाही पाहिले तर कोण पाहणार, हा तथागतांचा प्रश्न अडीच हजार वर्षांचा आहे. तो आपल्या शेजाऱ्यालाही आहे, मालकालाही आहे आणि सरकारलाही आहे. उत्तर देण्याची सुरुवात आपल्या घरातल्या ट्रंकेपासून करू या.

जयभीम!